लोकलमध्ये फोन का तुटतो? टॉवर बदलतानाची गोष्ट

अर्नाळ्याहून निघालेली एसटी आगाशी, बोळींज करत विरारला येते आणि पुढे चर्चगेटपर्यंत साठेक किलोमीटर लोकल. या वाटेत खिशातला फोन किती टॉवर बदलतो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. दुबई किंवा कुवेतहून आलेला घरच्या माणसाचा फोन मध्येच तुटला, की मात्र सगळा राग कंपनीवर निघतो. "सिग्नलच्या काड्या तर पूर्ण आहेत, मग कॉल कट का झाला?" हा प्रश्न वर्गातली मुलेही आम्हाला विचारतात. प्रश्न बरोबर आहे.

प्रत्येक टॉवरचा आपला एक इलाका असतो. त्याला सेल म्हणतात, म्हणूनच सेलफोन. बोलणे चालू असताना फोन स्वतःच्या टॉवरबरोबर आजूबाजूच्या टॉवरचे सिग्नलही मोजत असतो. शेजारचा सिग्नल ठराविक फरकाने आणि ठराविक वेळ सरस राहिला, की फोन तशी खबर देतो. मग जुना टॉवर नव्याला विचारतो, जागा आहे का? नवा जागा राखतो, फोनला हुकूम येतो, फोन जुन्याला सोडून नव्याला धरतो. हा झाला हँडओव्हर. 4जी मध्ये सारे सुरळीत असेल तर या अदलाबदलीत सेकंदाचा साधारण विसावा भाग जातो, कानाला कळतही नाही.

घोटाळा होतो तो त्याआधी, निर्णय घेताना. उशीर केला तर हुकूम पोहोचायच्या आतच जुना सिग्नल संपतो आणि कॉल पडतो. घाई केली तर फोन दोन टॉवरमध्ये चेंडूसारखा इकडून तिकडे उडत राहतो. इंजिनिअर मंडळींची मेहनत हा मधला बिंदू शोधण्यातच जाते.

आपल्या वाचकांना एक उदाहरण चटकन पटेल. जमातीची नमाज चालू असताना इमामाला पुढे नमाज पढवणे शक्य राहिले नाही, तर तो पहिल्या सफेतल्या एखाद्याला पुढे करतो आणि नमाज तिथूनच पुढे चालते. हजरत उमर (रजि.) यांच्यावर फज्रच्या नमाजात हल्ला झाला तेव्हा त्यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचा हात धरून त्यांना पुढे केले. दूरच्या लोकांना फक्त आवाज थांबल्याचे जाणवले. बदली माणूस आधीच मागे तयार उभा असतो, म्हणून खंड छोटा राहतो.

5जी च्या 2020 मधल्या जागतिक प्रमाणात नेमके हेच आणले आहे. एका पद्धतीत सिग्नल चांगला असतानाच पुढच्या टॉवरची तयारी करून फोनला सांगून ठेवतात, "अशी वेळ आली की परत विचारू नकोस, जा." दुसऱ्या पद्धतीत नवा टॉवर पक्का लागेपर्यंत फोन जुन्यालाही धरून ठेवतो. पण प्रमाणात आले म्हणजे लगेच प्रत्येक टॉवरवर आणि प्रत्येक फोनमध्ये चालू झाले, असे नाही.

आता आपली लोकल घ्या. ताशी 80 किलोमीटरने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. एक किलोमीटरचा सेल 45 सेकंदांत मागे पडतो. त्यात एकटा आपला फोन नाही, खच्चून भरलेल्या गाडीतले हजारो फोन जवळजवळ एकाच वेळी पुढच्या टॉवरच्या दारात उभे राहतात. एसी लोकलच्या बंद डब्यात सिग्नल आणखी कमजोर होतो. नायगाव ते भाईंदरच्या मध्ये खाडी लागते, तिथे पाण्यात टॉवर उभा करता येत नाही.

समुद्रावर उलटीच गंमत. अर्नाळा किल्ल्याच्या बोटीत बसले की मध्ये इमारती नाहीत, झाडे नाहीत. सिग्नल पाण्यावरून लांबवर जातो, म्हणून किनाऱ्यावरचे अनेक टॉवर जवळपास सारखेच दिसू शकतात. काड्या भरपूर, पण फोनला कोणाचा हात धरावा कळत नाही. मासेमारीच्या बोटीला तर जुन्या 2जी मध्ये 35 किलोमीटरची साधारण हद्दच होती. त्यापलीकडे सिग्नल मिळाला तरी वेळेचा मेळ बसत नसे.

टॉवर वाढवा म्हटले की आपल्याच मोहल्ल्यात विरोध होतो. किरणांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण भारतातली मर्यादा 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, हेही माहीत असावे. शिवाय टॉवर दूर असला तर फोन स्वतःच जास्त ताकदीने बोलतो, आणि फोन तर कानाला लावलेला असतो.

कॉल तुटल्याची भरपाई? ट्रायने 2015 मध्ये दर कॉलला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम केला होता. सुप्रीम कोर्टाने मे 2016 मध्ये तो रद्द केला.

आपल्या हातात थोडे आहे. फोनमध्ये व्हीओएलटीई चालू ठेवा. ते नसेल तर कॉल लावताना फोनला जुन्या नेटवर्कवर उतरावे लागते. परदेशचा व्हॉट्सॲप कॉल घरच्या वायफायवर चालू असताना बाहेर पडायचे असेल, तर वायफाय आधीच बंद करून मग कॉल लावा. वायफायवरून मोबाईल डेटावर जाताना फोनचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो आणि ॲपला नव्याने जोडणी करावी लागते. घरात दोन सिम असतील तर ती वेगवेगळ्या कंपन्यांची घ्या. आणि अडचणीच्या वेळी काड्या शून्य दिसल्या तरी 112 लावून पाहा. आपल्या कंपनीचा सिग्नल नसला तरी तो कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो.