कार्डाच्या हिशेबातील दोन पैशांचा फरक

व्यापारी बांधवांनो, महाद्वार रोड असो की गांधीनगरची कापडपेठ, आज गिऱ्हाईक सर्रास कार्ड पुढे करते. महिनाअखेर मशीनच्या पावत्या आणि बँकेतील जमा ताडून पाहिली की पैशांचा फरक निघतो. मुनीमजी तो वटाव खात्यात टाकून मोकळे होतात. परंतु हा फरक येतो कोठून, हे आपण समजून घेतले पाहिजे.

उदाहरण घेऊ. क्रेडिट कार्डावर २,३४५ रुपयांची तीन बिले झाली. बँकेचे कमिशन पावणेदोन टक्के धरू. एका बिलाचे कमिशन ४१.०३७५, म्हणजे ४१ रुपये ४ पैसे. त्यावर १८ टक्के जीएसटी ७ रुपये ३९ पैसे. तिन्हींची कपात १४५ रुपये २९ पैसे झाली. हाच हिशेब एकूण ७,०३५ रुपयांवर केला तर १४५ रुपये २७ पैसे येतात. चूक कोणाचीच नाही. बँकेने प्रत्येक बिलाला पैसा पूर्ण केला, आपण शेवटी केला.

यावरून मर्यादाही ठरते. एका व्यवहारात असा फरक जास्तीत जास्त एका पैशाच्या आसपास राहतो. चाळीस व्यवहारांना चाळीस-पंचेचाळीस पैसे ठीक, पण अकरा रुपये निघाले तर तो वटाव नव्हे, चूक आहे. शिवाय खरा फरक कधी जास्त, कधी कमी असा येतो. दरमहा एकाच बाजूला जात असेल तर दर तपासावा.

तपासताना दोन गोष्टी पाहाव्यात. २,००० रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहारात बँकेच्या कमिशनवर जीएसटी नाही. रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला कमिशनच नाही.

बिलाचा रुपया पूर्ण करताना सुटणारे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत. १,२९८.८६ चे बिल १,२९९ केले, तर ते १४ पैसे कार्डाच्या फरकात मिसळू नयेत.

आणि ताळा बेरजेवर नव्हे, बिलवार करावा. एकीकडे ४५० रुपये जास्त आणि दुसरीकडे ४४९ रुपये ७० पैसे कमी लागले, तर बेरजेत ३० पैशांचाच फरक दिसतो व दोन्ही चुका झाकल्या जातात. पुढे कधी त्या उघड झाल्या की पहिला संशय गल्ल्यावरच्या पोरावर जातो. बिलवार ताळा असेल तर त्या गरिबाची अब्रूही राखली जाते.