बाळाची खोली सजवायची? चला, सावंतवाडीच्या रंगांनी! 🎨

घरात बाळ येणार म्हटलं की आपल्या कोल्हापुरातून आंबोली घाट उतरायला निमित्तच मिळतं. खाली सावंतवाडी, आणि तिथली चितारआळी म्हणजे रंगवलेल्या लाकडी खेळण्यांची खाणच.

पूर्वीपासून ही खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची. लाकूड हलकं, कोरायला मऊ. तिथली लाकडी फळं तर इतकी हुबेहूब, की पाहुणे हात घालतात! गंजिफाचे गोल पत्तेही सावंतवाडीचेच. राजवाड्यात ते अजूनही हातानं रंगवतात. दशावताराचे दहा पत्ते चौकटीत बसवले, की भिंत बोलू लागते.

खोली घरीच रंगवणार, सजवणार असाल तर एवढं पाहा:

🔸 तान्ह्या बाळाला साधारण 20–30 सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं. काळा-पांढरा ठळक फरक लवकर कळतो. गेरूवर पांढरी वारली चित्रं काढून बघा.
🔸 2017 पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम आहे. डब्यावर वाचूनच घ्या. जुना उरलेला रंग नकोच.
🔸 रंगकाम बाळ यायच्या आधी उरका, खोली हवेशीर ठेवा.
🔸 पाळण्यावर टांगलेले लाकडी चिमण्या-पोपट हाताला लागणार नाहीत इतके उंच, पक्के बांधा. बाळ हात-गुडघ्यांवर अंग उचलू लागलं की काढून ठेवा.
🔸 शोभेची फळं उंच फळीवरच. बाळ सगळं तोंडात घालतं!

तुमच्या पाळण्यावर काय टांगलंय? फोटो टाका! 👇

#सावंतवाडी #कोल्हापूर #हस्तकला