आठ कॉलम

पेपर वाचायच्या आधी बघितला जातो, हे मला रेणापूरच्या एस.टी. स्टँडवर आजोबांनी शिकवलं. त्यांना अक्षरओळख नव्हती. गठ्ठा सुटला की अंक मांडीवर पसरून मथळ्याची जाडी बघायचे आणि विचारायचे, "आज काय मोठं घडलंय रं?"

पुढं लातूरच्या एका दैनिकात मी पानं लावायला लागलो. पान लावणं हा आमच्या धंद्यातला शब्द: मथळे, मजकूर, फोटो पानावर मांडणं. शिशाच्या खिळ्यांच्या काळात कानामात्रा, जोडाक्षरं यांचे वेगवेगळे खिळे शेकडो खणांतून वेचून ओळ जुळवावी लागे. सजावटीला उसंत कुठली? तरी १८३२ च्या 'दर्पण'मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी उभ्या रकान्यांत छापला. मला ती मांडणी आजही देखणी वाटते. पुढं १९३२ साली अमेरिकेत शिकून आलेल्या ना. भि. परुळेकरांनी 'सकाळ' काढला आणि बातमीला, छायाचित्राला मान दिला.

माझ्या वेळी मजकूर कॉम्प्युटरवर टाइप व्हायचा, पान मात्र हातानं लागायचं. ब्रोमाइडच्या, म्हणजे फोटोच्या कागदावर उमटवलेल्या मजकुराच्या पट्ट्या ब्लेडनं कापून आठ कॉलम आखलेल्या कागदावर चिकटवायच्या. पट्टी केसभर तिरकी गेली तरी शिरोरेघा चुगली करायच्या. मोठी बातमी घडीच्या वर, कारण स्टँडवर अंक घडी घालूनच मांडतात. आता हे सगळं माऊसनं होतं, त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते मोबाइलचं: नळाला पाणी नाही आणि गावच्या गाव गेलं, या दोन्ही बातम्या तिथं एकाच मापाच्या दिसतात.

२९ सप्टेंबर १९९३ च्या रात्री विसर्जन मिरवणुकीचा फोटो मी चार कॉलमांत लावला आणि पान छपाईला सोडलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. सकाळी स्टँडवर तोच अंक होता, गुलालात न्हालेल्या पोरांचा.

दुसऱ्या दिवशीच्या पानावरच्या जाहिराती काढल्या, आठही कॉलम मथळ्याला दिले. खाली एका चौकटीत नुसती गावांची नावं: किल्लारी, मंगरूळ, तळणी, सास्तूर... आजोबांनी मथळा बघितला, पण काही विचारलं नाही. चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, "हे वाच." सास्तूर आलं तसा त्यांनी हात वर केला. त्यांची धाकटी बहीण तिथं दिलेली होती.