प्रिंट सर्व्हर बसला तरी काट्यावर पावती निघाली पाहिजे



गळीत हंगामात “कॉम्प्युटर बंद आहे, थांबा” असे काट्यावर ऐकले की गाडीवानाचा पारा चढतो, आणि चढावाच. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वजनाला घटतो, उताऱ्यालाही. म्हणून हा विषय शेतकी खात्याचाही आहे.

पुष्कळदा बिघाड प्रिंटरचा नसतोच. ऑफिसातले कॉम्प्युटर छपाईचे काम एका मशीनकडे पाठवतात, तो प्रिंट सर्व्हर. त्याचे काम पाटकऱ्याचे: कोणाची पाळी आधी, कोणाची नंतर. पाटकरी आजारी पडला म्हणून कालव्याचे पाणी आटत नाही. तसेच सर्व्हर बसला तरी प्रिंटर धडधाकट असतो, फक्त त्याच्यापर्यंत काम पोचत नाही.

तेव्हा दुसरी वाट हवी. नेटवर्कवरच्या प्रिंटरला स्वतःचा आयपी पत्ता असतो. तो कायमचा बांधून घ्यावा आणि काटा, शेतकी, अकौंट्स येथील एकेका कॉम्प्युटरवर थेट प्रिंटरची जोडणी करून ठेवावी. बहुतेक नेटवर्क प्रिंटर 9100 क्रमांकाच्या पोर्टवर असे काम घेतात. हे हंगामाआधी करायचे. ऐन रांगेत ड्रायव्हर शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. विंडोजच्या रांगा आणि ड्रायव्हर एका फाईलमध्ये काढून दुसऱ्या सर्व्हरवर चढवताही येतात. ती फाईल त्याच सर्व्हरवर ठेवू नये, हे सांगायला नको, तरी सांगतो.

चांगला सर्व्हरसुद्धा कधी मुद्दाम थांबवावा लागतो. जुलै 2021 मध्ये विंडोजच्या छपाई सेवेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची भोके सापडली, तेव्हा ती सेवाच बंद ठेवा असा सल्ला दिला गेला होता.

खरा घोटाळा मात्र सर्व्हर परत सुरू झाल्यावर होतो. रांगेत अडकलेली जुनी कामे तो तेव्हा छापतो आणि एकाच खेपेच्या दोन पावत्या निघतात. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे 14 दिवसांत द्यायचे पैसे या वजनावरच निघतात, त्यामुळे गोंधळ परवडत नाही. सुरू करण्याआधी जुनी रांग पुसावी. पावतीचा क्रमांक वजनाच्या नोंदीबरोबर पडावा, छपाईबरोबर नव्हे. पुन्हा छापलेल्या पावतीवर ‘दुय्यम प्रत’ यावे. तुमच्या हाती एका क्रमांकाच्या दोन पावत्या आल्या तर खेप एकच धरा आणि गट ऑफिसात दाखवा.

लाईटच गेली तर? यूपीएस कॉम्प्युटरबरोबर नेटवर्कच्या स्विचलाही हवा. लेझर प्रिंटर त्याला जड जातो, काट्यावरचा डॉट मॅट्रिक्स चालतो. शिवाय छापील क्रमांकाचे हातपावती पुस्तक काट्यावर असावे आणि त्यातल्या नोंदी त्याच पाळीत कॉम्प्युटरवर चढवाव्यात.

— ऊस विकास अधिकारी