तारीख दिली होती

शुक्रवार, २१ एप्रिल २०२३. एकोणतिसावा रोजा. मिरजेतल्या एका घराच्या गच्चीवर सगळं कुटुंब पश्चिमेकडं तोंड करून उभं होतं. पोरं चंद्र शोधत होती. त्यांचे अब्बा मात्र आज चंद्र दिसू नये, असं मनात म्हणत होते.

रमजानचा महिना एकोणतीस दिवसांचा की तीस, हे त्या संध्याकाळी ठरतं. चंद्र दिसला तर शनिवारी ईद, नाही दिसला तर आणखी एक रोजा आणि ईद रविवारी. शनिवारी अक्षय्य तृतीया होती. जयसिंगपूरच्या एका लग्नासाठी ती तारीख अब्बांनी जानेवारीतच देऊन ठेवली होती. घरात सांगताना ते म्हणाले होते, ‘बहुतेक रविवारीच होईल ईद.’

रोजा सोडून पाणी पिईपर्यंत खालच्या गल्लीत फटाका वाजला. चंद्र दिसला होता. पोरं ओरडत जिन्यानं खाली पळाली. अब्बा गच्चीवरच थांबले आणि त्यांनी फोन काढला.

फोटोग्राफरच्या घरात सण असाच येतो.

गावात त्यांना नुसतं ‘भाई’ म्हणतात. लग्न, बारसं, दुकानाचं उद्घाटन, शाळेचं गॅदरिंग, उरूस, गणपतीची मिरवणूक असं सगळं ते तीस वर्षांहून जास्त काळ टिपत आले आहेत. नाव छापायला मात्र ते नको म्हणतात. ‘गिऱ्हाइकाला वाटायचं, आमच्या लग्नात याचं मन दुसरीकडंच होतं,’ हे त्यांचं कारण.

दुसऱ्यांची पंचांगं

या धंद्यात कामाला ‘ऑर्डर’ म्हणतात आणि ऑर्डर पंचांगावर चालते. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू होतो, आषाढीला तो थांबतो. मध्ये कधी अधिक महिना येतो, कधी गुरूचा नाही तर शुक्राचा अस्त. मुसलमानांकडं मोहरमच्या पहिल्या दहा दिवसांत आणि रमजानमध्ये सहसा लग्नं होत नाहीत. भाईंच्या डायरीत म्हणून दोन पंचांगं शेजारी शेजारी असतात. एकातली तिथी त्यांना एखाद्या भटजींइतकी पाठ आहे आणि दुसऱ्यातली चंद्रावर अवलंबून आहे.

हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. त्यामुळं रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. ही सगळी फेरी भाईंनी कॅमेरा गळ्यात घेऊन पाहिली. सुरुवातीला रोलचा कॅमेरा होता. ३६ फोटोंचा रोल, त्यात एकही वाया घालवायचा नाही. २००४ ते २००६ अशी सलग तीन वर्षं दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली, तेव्हा रोल धुऊन प्रिंट देता देता त्यांना रात्र पुरायची नाही. मग रमजान पावसाळ्यात आला, त्यानंतर ऐन उन्हाळ्यात.

मे २०१९ चा रमजान कामाच्या दृष्टीनं सर्वांत कठीण, असं ते सांगतात. ऊन तर होतंच, पण खरी अडचण गोरज मुहूर्ताची. सूर्य मावळतानाचा तो मुहूर्त आणि रोजा सोडण्याची वेळ जवळजवळ एकच. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं शेवटच्या कडव्यावर आलेली, आणि लांबून मगरिबची अजान. अक्षता पडतात तो क्षण चुकला तर अल्बमला अर्थ नाही. भाई शर्टाच्या खिशात एक खजूर ठेवायचे. खजूर उजव्या हातानं खायचा आणि शटरचं बटणही उजव्याच हाताखाली. मग कॅमेरा क्षणभर डाव्या हातात तोलून खजूर तोंडात टाकायचा आणि पुन्हा डोळा लावायचा. बी मात्र अक्षता पडून माळा घालून होईपर्यंत गालातच. पुढं कार्यालयांतले आचारीही ओळखू लागले. हार घालून झाले की स्टेजच्या मागं सरबताचा पेला ठेवलेला असायचा. कोणी ठेवला, हे कळायचं नाही.

डायरीतला हिशेब

चंद्र दिसलेल्या त्या संध्याकाळी गच्चीवरून भाईंनी फोन केला तो बापूंना. बापू सांगलीतले फोटोग्राफर, भाईंपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. धंद्यात दोघं एकमेकांचे स्पर्धक आणि दर पाडण्यावरून अनेकदा भांडलेले. पण एक गोष्ट दोघांत फार पूर्वीच ठरून गेली. ईदच्या सकाळी ईदगाहवरच्या नमाजचा फोटो वर्तमानपत्राला हवा असतो. तो काढायचा तर भाईंना नमाज सोडावी लागते. म्हणून तो फोटो बापू काढतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बापूंना स्वतःच्या स्टुडिओत पूजा करायची असते, तेव्हा पेठेतल्या दुकानांच्या पूजेचे फोटो काढत भाई फिरतात. पैशांची देवघेव नाही. बापूंच्या डायरीत फक्त एक रेघ भाईंच्या नावावर आणि एक बापूंच्या. खंडेनवमीला भाईंची एखादी लेन्स बापूंकडं राहिली असेल, तर ती हळदीच्या बोटासह आणि झेंडूच्या पाकळीसह परत येते. भाई पाकळी काढतात, लेन्स पुसतात आणि कामाला लागतात.

या व्यवहाराला दोघांनीही कधी मोठं नाव दिलं नाही. तो नेहमी सुरळीत चालला, असंही नाही. सप्टेंबर २००९ मध्ये मिरज-सांगलीत संचारबंदी लागली, तेव्हा गणपतीही बसलेले होते आणि रमजानही चालू होता. मिरवणुकीच्या ऑर्डरी गेल्या, इफ्तारच्याही गेल्या. काही दिवस दोघांनी एकमेकांना फोन केला नाही. काय बोलायचं, हे दोघांनाही कळत नव्हतं. शेवटी फोन बापूंनीच केला आणि विचारलं, ‘माझा फ्लॅश तुझ्याकडं आहे का?’ फ्लॅश बापूंच्याच कपाटात होता, हे दोघांनाही माहीत होतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर आला. सांगलीच्या गावभागात बापूंच्या स्टुडिओत पाणी शिरलं. अल्बम, निगेटिव्हची पाकिटं, गिऱ्हाइकांनी न नेलेले फोटो, सगळं चिखलात. १२ ऑगस्टला बकरी ईद होती. त्या दिवशी भाईंच्या अंगणात ओल्या फोटोंच्या दोऱ्याच दोऱ्या होत्या. चिकटलेले फोटो ओढून सोडवायचे नसतात. स्वच्छ पाण्यात ठेवून हळूहळू सुटे होऊ द्यायचे आणि मग सावलीत वाळवायचे. भाईंची अम्मी खुर्चीवर बसून एकेक फोटो चिमट्यानं दोरीला लावत होती. ओळख ना पाळख अशा नवऱ्या, मुंजीतले बटू, कुणाचे आजोबा. शेवटची दोरी भरल्यावर तिनं विचारलं, ‘यात आपल्या घरातलं कोण आहे?’

कोणीच नव्हतं. पाऊस आणि पूर दूरच, भाईंच्या घरात भिजायलाही अल्बम नव्हता.

अब्बा नसलेली सुट्टी

पोरांच्या शाळेला मे महिन्यात सुट्टी आणि मे महिना म्हणजे भर सीझन. त्यामुळं या घराची सहल नेहमी जुलैत, शाळा दोन दिवस बुडवून. एकदा मिरजेहून रेल्वे पकडून मडगावला गेले. कॅसलरॉक सोडल्यावर दूधसागर आला, तशी सगळी गाडी खिडक्यांकडं धावली. भाईंच्या गळ्यात मोठा कॅमेरा बघून डब्यातली माणसं म्हणाली, ‘आमचा एक काढा की.’ धबधबा मागं पडेपर्यंत त्यांनी तीन कुटुंबांचे फोटो काढले. स्वतःच्या बायका-पोरांचा काढायला फोन वर केला, तेव्हा बोगदा आला.

उन्हाळ्याची खरी सुट्टी त्यांना एकदाच मिळाली, २०१८ मध्ये. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ १६ मे ते १३ जून होता आणि रमजान १७ मेपासून सुरू झाला. हिंदूंची लग्नं बंद आणि मुसलमानांचीही बंद. महिनाभर एक ऑर्डर नाही. बँकेचा हप्ता कसा भरायचा, या काळजीत भाई दुकानात माशा मारत बसले होते. अम्मी म्हणाली, ‘काम नाही तर पन्हाळ्याला तरी ने.’ रोजे चालू होते, तरी सगळे दुपारी निघाले. तीन दरवाजाजवळ चटई टाकली. उन्हं उतरली, वारा सुटला. थर्मासमधलं सरबत, खजूर, घरून आणलेली भजी. सूर्य मावळला तसा रोजा सोडला. शेजारी इचलकरंजीचं एक जोडपं बसलं होतं, त्यांनाही भजी दिली. त्यांनी भाईंना त्यांचा फोटो काढायला सांगितला. तो इतका चांगला आला की पुढं त्यांच्या घरातल्या लग्नाची ऑर्डर भाईंनाच मिळाली.

त्या दिवशीचे घरच्यांचे फोटोही आहेत. अम्मी आहे, बायको आहे, दोन्ही पोरं आहेत. भाई एकातही नाहीत. मुलगी एकदा ते बघताना म्हणाली, ‘अब्बा, बघणाऱ्याला वाटेल तुम्ही आमच्या घरी राहतच नाही.’ त्यावर ते हसले होते. पण ती मस्करी करत नव्हती.

अम्मी मात्र दर ईदला एकच गोष्ट सांगायची. सगळ्यांचा मिळून एक फोटो काढ. भाई म्हणायचे, काढू. नमाजहून येईपर्यंत कुणाचा तरी फोन आलेला असायचा.

शनिवारची ईद

२०२३ च्या एप्रिलमध्ये गुरूचा अस्त होता. लग्नाच्या तारखा जवळपास नव्हत्याच. साडेतीन मुहूर्तांतला दिवस म्हणून लोकांनी अक्षय्य तृतीया धरली. महिन्यातली तीच एक मोठी ऑर्डर, म्हणून भाईंनी चंद्राच्या भरवशावर ती घेतली होती.

फोनवर बापू काही क्षण गप्प राहिले. त्यांनाही त्या दिवशी एका शोरूमच्या उद्घाटनाचं काम होतं आणि ईदगाहचा फोटो तर ठरलेलाच. माणसं दोन, कामं तीन. मग ते म्हणाले, ‘शोरूमला भाच्याला धाडतो. ईदगाहचा फोटो माझा पोरगा काढंल. तू नमाज पढून ये, तवर मी लग्नात उभा राहतो.’

‘बापू, शोरूमवाले तुमच्या नावावर आलेत. ते चिडतील.’

‘चिडू देत. तारीख तू दिलीयस नव्हं? मग तारीख मोडायची न्हाई.’

शनिवारी सकाळी भाईंनी ईदगाहवर नमाज पढली. घरी येऊन अम्मीच्या हातचा दोन चमचे शीरखुर्मा घेतला आणि नव्या पांढऱ्या कुर्त्यावरच गाडीला किक मारली. जयसिंगपूरच्या कार्यालयात पोहोचले तेव्हा साडेदहा वाजले होते. सीमांतपूजन बापूंनी उरकलं होतं. अंगाला अत्तराचा वास असलेला फोटोग्राफर बघून नवरीच्या आजोबांनी विचारलं, ‘आज ईद ना तुमची? मग इथं कसं काय?’

भाई म्हणाले, ‘तारीख दिली होती.’

आजोबा यावर काही बोलले नाहीत. संध्याकाळी वरात निघाल्यावर त्यांनी स्वतः येऊन एक स्टीलचा डबा हातात दिला. आत पुरी आणि आमरस. ‘घरी पोरांना द्या. त्यांचा सण आम्ही खाल्ला,’ एवढंच म्हणाले.

भाई घरी आले तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. धाकटा नव्या कपड्यांतच सोफ्यावर झोपला होता. मुलगी बोलत नव्हती. अम्मी सकाळच्याच साडीत बसून होती. कपडे बदलायचे नाहीत, असं तिनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. भाईंच्या मागोमाग बापू आले, दर ईदसारखे शीरखुर्मा प्यायला. त्यांनी खोलीवर एक नजर टाकली, भाईंच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि म्हणाले, ‘तू बस तिकडं. आईंच्या शेजारी.’

फोटो थोडा तिरका आहे. मागच्या शोकेसच्या काचेत फ्लॅश चमकला आहे आणि धाकट्याचे डोळे अर्धे मिटलेले आहेत. दुसऱ्यांच्या फोटोतला प्रत्येक खांब कॉम्प्युटरवर सरळ करणाऱ्या भाईंनी याला हात लावला नाही. तो आहे तसा मोठा करून समोरच्या खोलीत लावला. त्यात पाचही जण आहेत.

पुढच्या रमजानला अम्मी नव्हती.

भाईंच्या डायरीत आता ईदसाठी एक तारीख नसते. महिना एकोणतीस दिवसांचा धरून एक आणि तिसांचा धरून एक, अशा दोन्ही तारखांवर लाल पेननं काट असते. २०२५ मध्ये ती काट ३१ मार्च आणि १ एप्रिलवर होती. ३० मार्चला गुढीपाडवा होता. त्या दिवशी बापूंच्या वाटची दोन उद्घाटनं भाईंनी रोजा धरून केली आणि संध्याकाळी चंद्र बघायला वेळेत गच्चीवर आले. चंद्र दिसला. या वेळी फोन बापूंचा आला, विचारायला की उद्या शीरखुर्म्याला किती वाजता यायचं.