चांदीचा पंजा

घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये चषकांना कधी तोटा नसतो. पोलोचा, नेमबाजीचा, भरधाव घोड्यावरून भाल्याच्या टोकाने जमिनीतली मेख उपटण्याचा, असे कितीतरी. हे चषक वर्षभराचे पाहुणे. पुढच्या मोसमात दुसरा संघ ते घेऊन जातो. पुण्याचे नाव लावणाऱ्या ‘पूना हॉर्स’कडे मात्र १८५७ मध्ये आलेले एक मानचिन्ह असे आहे, की ते आजवर कोणी परत जिंकून नेलेले नाही. इराणी फौजेकडून रणांगणात हस्तगत केलेल्या निशाणावरचा तो चांदीचा पंजा आहे. मोहरमच्या सवाऱ्यांतले पंजे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्याची घडण लगेच ओळखू येईल. ईश्वराचा हात सर्वांच्या वर आहे, या अर्थाचे कुराणातले वचन त्यावर आहे.

ही रेजिमेंट उभी राहिली ती मराठी मनाला बोचणाऱ्या प्रसंगातून. जून १८१७ च्या पुणे तहाने इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाकडून मुलूख तोडून घेतला आणि त्या उत्पन्नावर एक साहाय्यक फौज उभारायचे ठरवले. तिच्यातले घोडदळ म्हणजे पूना ऑक्झिलिअरी हॉर्स. तिची उभारणी पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याच्या देखरेखीखाली झाली. पद्धत शिलेदारीची होती, म्हणजे घोडा आणि हत्यार स्वाराचे, पगार सरकारचा. सात महिन्यांच्या आत, १ जानेवारी १८१८ रोजी, कोरेगावला इंग्रजांच्या कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीत याच घोडदळाचे सुमारे २५० स्वार पेशव्यांच्या फौजेविरुद्ध उभे होते. पेशव्यांच्या मुलखातून निघालेला पैसा पेशव्यांवरच उलटला. हा इतिहास झाकून ठेवण्यात अर्थ नाही, आणि त्यासाठी त्या स्वारांना कमी लेखण्यातही नाही. मोठी राज्ये मोडत होती त्या काळात शिलेदार जिथे चाकरी मिळेल तिथे जात होता.

या कथेत दुसरी एक रेजिमेंट येते. तिसरी बॉम्बे लाइट कॅव्हलरी १८२० मध्ये शिरूरला, म्हणजे पुणे जिल्ह्यातच, उभी राहिली. इराणने हेरात घेतल्यावर १८५६ च्या अखेरीस इंग्रजांनी इराणवर मोहीम काढली. मुंबई इलाख्याची फौज मुंबई बंदरातून जहाजांत चढली आणि इराणच्या आखातात बुशहरला उतरली. या मोहिमेत पूना हॉर्सचे स्वार होते आणि तिसऱ्या लाइट कॅव्हलरीचेही.

फेब्रुवारी १८५७ मध्ये जनरल आउट्रमची फौज बुशहरहून आत बोराझजानच्या छावणीवर चालून गेली. शत्रू आधीच निघून गेला होता. दारूगोळा उडवून फौज परत फिरली, तेव्हा रात्री इराणी घोडेस्वारांनी तिला गाठले. ८ तारखेला उजाडले तेव्हा खुशाबजवळ सुमारे सात हजारांचे इराणी सैन्य समोर होते.

त्या काळच्या युद्धशास्त्रातला एक नियम जवळजवळ अभंग मानला जाई : पायदळाने चारही बाजूंना संगिनी रोखून चौकोन धरला आणि तो डगमगला नाही, तर घोडदळाला तो फोडता येत नाही. कारण साधे आहे. स्वार कितीही जिवावर उदार झाला, तरी घोडा आपणहून संगिनींच्या भिंतीवर जात नाही. ऐन वेळी बाजूला वळतो. खुशाबला इराणच्या कवायती पायदळाने असाच चौकोन धरला होता आणि तिसऱ्या लाइट कॅव्हलरीने त्याच्यावर घोडे घातले. लेफ्टनंट मूरने आपला घोडा थेट संगिनींवरून आत उडवला. घोडा जागीच कोसळला, मूर त्याच्याखाली सापडला, तलवारही मोडली. लेफ्टनंट माल्कमसन गर्दी कापत त्याच्यापर्यंत पोचला आणि त्याने आपली रिकीब धरायला देऊन त्याला बाहेर काढले. मागून स्वारांचा लोंढा त्या खिंडारातून घुसला आणि चौकोन फुटला. लढाईचा निकाल मुख्यतः घोडदळ आणि तोफखाना यांनीच लावला. पंजाचे निशाण हाती लागले ते याच मैदानावर.

मूर आणि माल्कमसन या दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोघांच्या मागोमाग त्याच संगिनींवर गेलेल्या हिंदी स्वारांना तो मिळणे शक्यच नव्हते, कारण १९११ पर्यंत हिंदी शिपाई त्या पदकाला पात्रच धरला जात नव्हता. म्हणून मला वाटते, पंजाचे मोल पदकांहून मोठे आहे. पदक एका माणसाच्या छातीवर बसते. निशाण साऱ्या पलटणीचे असते. ज्यांची नावे कोणी घेत नाही, त्या स्वारांचा वाटा आहे तो या पंजात.

पहिल्या महायुद्धानंतर घोडदळांची फेररचना झाली. तिसऱ्या लाइट कॅव्हलरीची वारस असलेली तेहतिसावी आणि पूना हॉर्स म्हणून ओळखली जाणारी चौतिसावी या रेजिमेंटी एकत्र झाल्या, सतरावी पूना हॉर्स झाली आणि खुशाबचा वारसा एकाच छताखाली आला. पुढे घोडे गेले, रणगाडे आले.

१९६५ च्या सप्टेंबरमध्ये सियालकोट आघाडीवर पूना हॉर्सचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर करत होते. जन्म मुंबईचा, शिक्षण पुण्यात. त्यांच्या घराण्याचा पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या सैन्यात होता आणि तारापूर गावावरूनच घराण्याला हे नाव पडले, अशी घराण्याची परंपरा सांगते. तारापोर यांच्या रणगाड्याचे नाव होते ‘खुशाब’. फिलोऱ्याजवळ ११ तारखेला जखमी होऊनही ते मागे गेले नाहीत. १६ सप्टेंबरला बुटूर डोगरांडीच्या लढाईत ते धारातीर्थी पडले, तोवर त्यांच्या रेजिमेंटने शत्रूचे सुमारे साठ रणगाडे निकामी केले होते. स्वतःचे गमावले नऊ. सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, बसंतर नदीपलीकडे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पेटता रणगाडा सोडायला तयार झाला नाही. त्याचा जन्म पुण्याचा, वय अवघे एकवीस. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

एवढ्या मोठ्या रेजिमेंटची पुण्याला आज फारशी आठवण नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. शाळांच्या सहली सिंहगडावर जातात, शनिवारवाड्यावर जातात. त्यांतली एखादी अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात अवश्य न्यावी आणि मुलांना तिथे पूना हॉर्सची गोष्ट सांगावी. खेत्रपालचा ‘फामागुस्ता’ हा रणगाडा त्याच शहरात, आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये, जपून ठेवला आहे.