मुलगी अमेरिकेला देताना: ग्रामपंचायतीच्या दाखल्यापासून नागरिकत्वापर्यंत

 

पूर्वी आपल्याकडे मुलगी मुंबईला दिली म्हणजे लांब दिली असं वाटायचं. आता वैभववाडी रोड स्टेशनवर गाडीत बसलं की मुंबई एका रात्रीची झाली, आणि स्थळं थेट अमेरिकेतून येऊ लागली. "मुलगा अमेरिकेला असतो" एवढं कानावर पडलं की घरात आनंदीआनंद होतो. आनंद व्हायलाच हवा. पण त्या वाक्यापुढे काही प्रश्न विचारायचे असतात आणि काही कागद सांभाळायचे असतात. आजची आपली गोष्ट त्यांचीच आहे.

पहिला प्रश्न: मुलगा तिथे कोणत्या कागदावर राहतो?

पगार, घर, गाडी नंतर विचारा. आधी हे विचारा. याचं उत्तर चार प्रकारचं असू शकतं आणि प्रत्येकात तुमच्या मुलीची वाट वेगळी आहे.

मुलगा अमेरिकेचा नागरिक असेल तर वाट सगळ्यात सरळ. नागरिकाच्या पत्नीला ठरावीक संख्येची मर्यादा नसते, त्यामुळे नंबर लागायची वाट बघावी लागत नाही. अर्ज तपासायला लागेल तेवढाच वेळ.

मुलाकडे ग्रीन कार्ड असेल, म्हणजे तो तिथला कायमचा रहिवासी असेल पण नागरिक नसेल, तर त्याच्या पत्नीसाठी दरवर्षीच्या जागा ठरलेल्या आहेत. रांगेत थांबावं लागतं. तोपर्यंत लग्न झालेली मुलगी इथे आणि नवरा तिथे, असं बरंच काळ चालू शकतं. दरम्यान तो नागरिक झाला तर ही रांग संपते.

मुलगा नोकरीच्या व्हिसावर, म्हणजे एच-१बी वर असेल, तर मुलगी त्याच्यावर अवलंबून असलेली म्हणून एच-४ व्हिसावर जाते. ती लवकर जाऊ शकते, पण तिला लगेच नोकरी करता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या अर्जाचा ठरावीक टप्पा मंजूर झाला तरच तिला कामाची परवानगी मागता येते. नोकरीवरच्या ग्रीन कार्डासाठी भारतीयांची रांग अनेक वर्षांची आहे. तुमची मुलगी नर्स असो, शिक्षिका असो की इंजिनियर, तिला घरी बसावं लागू शकतं, हे तिला लग्नाआधी माहीत हवं.

चौथा प्रकार, मुलगा शिकायला गेलेला असेल. मग त्याचंच तिथलं राहणं अजून पक्कं झालेलं नाही.

"ग्रीन कार्ड होईलच" आणि "ग्रीन कार्ड आहे" यांत फार अंतर आहे. म्हणून कार्डाची किंवा पासपोर्टची प्रत मागा. मुलाचं आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम मागा. आपण जमीन घेताना सातबारा बघतो, मग मुलगी देताना कागद बघण्यात कसला अपमान?

गावातले कागद

अमेरिकेची फाईल सुरू होते ती आपल्या ग्रामपंचायतीत. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे आणि लग्नाची नोंद सक्तीची आहे. गावात ही नोंद ग्रामसेवक करतात. नवरा-नवरी, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी यांच्या सह्या लागतात. नवरा सुट्टी संपवून विमानात बसायच्या आत हे काम उरकून घ्या. लग्नपत्रिका आणि फोटो म्हणजे दाखला नव्हे.

दुसरा कागद जन्माचा दाखला. जन्म घरी झाला आणि नोंदच नाही, असं आपल्याकडे बऱ्याच जणींचं आहे. अशा वेळी ग्रामपंचायतीकडून नोंद उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्म माहीत असलेल्या जवळच्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडायची.

तिसरी गोष्ट नावाची, आणि इथेच आपल्याकडच्या मुली अडकतात. जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेत दुसरं, आधारवर वडिलांचं नाव मधे, लग्नात तांदळावर लिहिलेलं नवं नाव तिसरंच. त्यात स्पेलिंगही दरवेळी वेगळं. लक्षात ठेवा, लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचं असेल तर सगळीकडे एकसारखं बदला. नाहीतर माहेरचं नाव सगळीकडे तसंच ठेवा. अर्धं इकडे अर्धं तिकडे नको.

मराठीत असलेल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. दोन्ही भाषा जाणणाऱ्याने भाषांतर पूर्ण आणि बरोबर असल्याचं लिहून सही करायची असते.

अर्ज कसा पुढे जातो

नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर पहिला अर्ज तो करतो. त्याला आय-१३० म्हणतात. "ही माझी पत्नी आहे आणि आमचं लग्न खरं आहे" हे त्यात दाखवायचं असतं. दोन्ही घरच्या माणसांसोबतचे फोटो, लग्नपत्रिका, नवऱ्याच्या येण्याजाण्याची तिकिटं, फोनवरच्या बोलण्याच्या नोंदी, पैसे पाठवल्याच्या पावत्या हा पुरावा असतो. म्हणून लग्नानंतर एक पिशवी फक्त याच कागदांसाठी ठेवा.

हा अर्ज मंजूर झाला आणि नंबर लागला की मुलीने डीएस-२६० हा अर्ज संगणकावर भरायचा. त्यासोबत पासपोर्ट कार्यालयातून पोलिसांचा ना-हरकत दाखला लागतो. ठरवून दिलेल्या डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी होते. शेवटी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी दूतावासाच्या कचेरीत मुलाखत. तिथे लग्नाबद्दल साधे प्रश्न विचारतात: ओळख कशी झाली, नवरा काय काम करतो, घरी कोण कोण असतं. पाठ केलेली उत्तरं नकोत, खरी उत्तरं हवीत.

यातला एक कागद आपल्या मुलींना कोणी समजावून सांगत नाही. तो म्हणजे आय-८६४, आधाराची हमी. नवरा तिथल्या सरकारला लिहून देतो की मी हिला सांभाळीन. त्यासाठी त्याचं उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या निदान १२५ टक्के असावं लागतं. ही हमी कायद्याने बांधणारी आहे आणि घटस्फोट झाला म्हणून संपत नाही. मुलगी नागरिक होईपर्यंत किंवा तिथे साधारण दहा वर्षांच्या कामाचा हिशेब भरेपर्यंत ती चालू राहते. या कागदाची एक प्रत मुलीकडे असायलाच हवी.

अर्जाचे फॉर्म सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. सरकारी फी भरावी लागते आणि ती बदलत असते, म्हणून भरायच्या आधी तिथेच बघा. एजंट "थोडं खोटं लिहू, काही होत नाही" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. खोट्या लग्नाचा शिक्का एकदा बसला की पुढे खरं लग्न केलं तरी त्या आधारे वाट मिळत नाही.

दोन वर्षांचं कार्ड

मुलगी तिथे पोहोचते त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील तर तिला मिळणारं ग्रीन कार्ड फक्त दोन वर्षांचं असतं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ हा अर्ज करायचा, मग पुढचं कार्ड मिळतं. ही तारीख मुलीने स्वतः लिहून ठेवावी आणि आईनेही घरच्या कॅलेंडरवर मांडून ठेवावी.

कारण याच दोन वर्षांत काही नवरे धमकी देतात: "सही करणार नाही, परत पाठवीन." ही धमकी पूर्ण खरी नाही. घटस्फोट झाला असेल किंवा नवरा मारहाण, छळ करत असेल तर बाईला एकटीला हा अर्ज करता येतो. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असून त्याने पहिला अर्जच केला नसेल आणि छळ करत असेल, तरी तिथे गेलेल्या पत्नीला स्वतःच्या नावाने, त्याला न कळवता अर्ज करण्याची सोय अमेरिकेच्या कायद्यात आहे.

बाळंतपण, माहेरपण आणि नागरिकत्व

पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत. पण ग्रीन कार्डवाली मुलगी सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिली तर तिच्या सलग वास्तव्याबद्दल प्रश्न उभा राहतो. परतीचा परवाना न काढता वर्षाच्या वर राहिली तर कार्डच धोक्यात येतं. म्हणून डोहाळजेवण, बाळंतपण, गणपती, सगळं महिने मोजून ठरवा. कधी कधी लेक इकडे येण्याऐवजी आईने तिकडे जाणं सोयीचं पडतं.

नवरा नागरिक असेल आणि दोघं एकत्र नांदत असतील तर ग्रीन कार्ड मिळाल्यावर तीन वर्षांनी नागरिकत्वासाठी एन-४०० अर्ज करता येतो. बाकीच्यांना पाच वर्षं. या काळातला निदान निम्मा वेळ अमेरिकेत काढलेला असावा लागतो. इंग्रजीची आणि तिथल्या इतिहास-राज्यकारभाराची परीक्षा असते, शेवटी शपथ.

ही वाट आज जेवढी उघडी आहे तेवढी पूर्वी नव्हती. सखाराम गणेश पंडित नावाचे वकील कॅलिफोर्नियात राहत. ते १९१४ साली अमेरिकेचे नागरिक झाले. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस "गोरा" नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. (हे थिंड म्हणजे आपले हुतात्मा भगतसिंग नव्हेत.) मग आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घेण्याचा सपाटा सुरू झाला. पंडितांवरही खटला झाला. त्यांची पत्नी अमेरिकन होती, आणि त्या काळच्या कायद्याने नागरिक होण्यास अपात्र ठरवलेल्या पुरुषाशी लग्न असलं की बाईचं स्वतःचं नागरिकत्वही जात असे. पंडित लढले आणि जिंकले. भारतीयांसाठी नागरिकत्वाचं दार कायद्याने उघडलं ते १९४६ साली. नवऱ्याच्या कागदावर बायकोचं अस्तित्व टांगलेलं असणं ही गोष्ट तेव्हापासूनची आहे. म्हणून मुलीचे कागद मुलीच्या हातात हवेत.

आणि इथल्या जमिनीचं काय?

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. अमेरिकेची शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व संपतं. भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, मतदानाचा हक्क जातो. त्यानंतर ओसीआय कार्ड काढलं की येण्याजाण्यासाठी व्हिसा लागत नाही.

पण आंबा-काजूच्या बागेबद्दल नीट ऐका. परदेशात स्थायिक झालेल्या मुलीला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. मात्र वारसाहक्काने मिळालेला तिचा वाटा तिचाच राहतो. "आता तू परदेशी झालीस, तुझा हक्क संपला, हक्कसोडपत्रावर सही कर" असं कोणी म्हणालं तर ते खोटं आहे. सोडायचा की नाही हे तिने ठरवायचं, आणि समजून ठरवायचं. कुलमुखत्यारपत्र दिलंच तर एका ठरावीक कामापुरतं द्यावं, सगळ्या व्यवहारांचं नको.

वेळ वाईट आली तर

जाण्याआधी पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचा दाखला, आय-८६४ यांच्या प्रती माहेरच्या कपाटात ठेवा. दागिन्यांची यादी फोटोसह करा. तिच्या नावाचं बँक खातं बंद करू नका. मूळ पासपोर्ट सासूकडे किंवा नवऱ्याकडे ठेवायला देऊ नये.

अमेरिकेत जिवाला धोका असेल तर ९११. तिथल्या भारतीय दूतावासाच्या कचेऱ्यांकडे अडचणीतल्या भारतीयांसाठी कल्याण निधी असतो आणि नवऱ्याने टाकलेल्या बायकांना त्यातून कायद्याची मदत मिळू शकते. परराष्ट्र खात्याच्या 'मदद' संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार करता येते. दिल्लीच्या राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या लग्नांसाठी वेगळा कक्ष आहे. नवऱ्याने टाकून दिलेली मुलगी इथे परतली असेल तर १८१ वर फोन करा. ओरोसच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. त्यांचा फोन १५१००. आणि तिकडच्या कोर्टाने तिच्या माघारी घटस्फोट दिला म्हणून घाबरू नका. १९९१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की आपल्या विवाह कायद्यात न बसणाऱ्या कारणावर दिलेला परदेशी घटस्फोट इथे आपोआप मान्य होत नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. गटातल्या लग्नाच्या वयाच्या प्रत्येक मुलीचा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार शेजारी शेजारी ठेवून नावं जुळतात का बघा. जुळत नसतील तर आजपासून दुरुस्ती सुरू करा. स्थळ अमेरिकेचं येवो नाहीतर कणकवलीचं, हे कागद तिच्या कामी येणारच आहेत.